आधी तो दोर सोडा, इंजिनाचं नंतर बघू

पत्र: जुनी, फोर बाय फोर, मॅन्युअल गिअरची डिझेल पिकअप घेतली आहे. घेतल्यापासून ओळखीपाळखीत कुणाचीही गाडी अडकली की फोन मला येतो. रुतलेल्या, खड्ड्यात गेलेल्या, बंद पडलेल्या बऱ्याच गाड्या ओढून दिल्या. आता माझीच गाडी आवाज करायला लागली आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला टक्-टक् येतं, गाडी तापली की थांबतं. मागे गाडी बांधून चढ चढताना पुढून मोठा घोंघाट होतो. आणि गिअर टाकून क्लच सोडला की मागच्या बाजूला खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. बायको म्हणते, लोकांच्या गाड्या ओढून आपली खिळखिळी झाली. मिस्त्री म्हणतो, डिझेल आहे, आवाज येणारच. परवा मेहुण्याची ऑटोमॅटिक गाडी चिखलातून काढली. हिचच्या गोळ्याला दोर अडकवला, मुलगा मध्ये उभा राहून हात करत होता, दोन झटक्यांत निघाली. पण स्टार्ट होईना, म्हणून तशीच गॅरेजपर्यंत ओढत नेली. आता तिचा गिअरबॉक्स स्लिप होतोय आणि दोष माझ्यावर आला आहे. ओढणं बंद करू का? करायचं तर लोकांना नाही कसं म्हणू?

नमस्कार,

तुमच्या पत्रात इंजिनाच्या आवाजाबद्दल बरंच लिहिलंय, पण मी अडखळलो ते एका वेगळ्याच वाक्याशी. हिचच्या गोळ्याला दोर, आणि मुलगा मध्ये. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. बाकी सगळं त्यानंतर.

गाडीच्या मागे हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या दांड्यावर, बसवलेला तो गोळा ट्रेलरसाठी असतो. ट्रेलरचा भार त्याच्यावर वरून बसतो आणि ओढ हळूहळू, सलग येते. एवढ्याच कामासाठी त्याचं माप ठरवलेलं असतं. रुतलेली गाडी झटक्यानं ओढली की क्षणभर त्याच्यावर ठरलेल्या भाराच्या कित्येक पट जोर येतो. गोळ्याची मान तुटली, तर ताणलेल्या दोराच्या टोकाला लागलेला लोखंडाचा गोळा दोराबरोबर सुटतो आणि सरळ समोरच्या गाडीच्या काचेवर किंवा वाटेत जो असेल त्याच्यावर जातो. यात माणसं मेलेली आहेत, गाडीच्या आत बसलेलीसुद्धा. म्हणून रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढायचं, काम करणारा कुणीही जाणकार माणूस गोळ्याला दोर लावू देत नाही. ‘आजवर काही झालं नाही’ हा इथे पुरावा होत नाही. धातूला आतून बारीक चीर पडत असते, ती वरून दिसत नाही, आणि आधीचा प्रत्येक झटका तिच्यात भर घालत असतो. तुमच्या गोळ्यानं किती झटके खाल्लेत ते तुम्हालाच माहीत. ट्रेलर लावत असाल तर तो गोळा बदलूनच टाका, असं मी म्हणेन.

दोर लावायचा तो चासीला बोल्टनं घट्ट बसवलेल्या, भार सहन करण्याचं माप ठरलेल्या रिकव्हरी पॉइंटला. दोन्ही गाड्यांना. खाली वाकून बघितलं की बऱ्याच गाड्यांना पातळ सळीची कडी दिसते, ती बहुतेक वेळा गाडी ट्रकवर चढवून नेताना बांधून ठेवण्यासाठी असते. तिला ओढ द्यायची नाही. छोट्या गाड्यांत टो हुक वेगळा दिलेला असतो, डिकीत जॅक-पान्याच्या शेजारी. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवून बसवतात. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेनं बसेना तर जोर लावू नका, उलटा फिरवून बघा. आणि अर्धवट बसलेल्या हुकानं ओढायला जाऊ नका, शेवटपर्यंत आवळा.

दोर म्हणाल, तर घरात पडलेला कुठलाही चालत नाही. चिखलातून काढायला ताण खाणारा नायलॉनचा पट्टा किंवा कायनेटिक दोर लागतो. तो ताणला जातो, झटका स्वतःत घेतो आणि मग परत आखडताना गाडी ओढून काढतो. रस्त्यावरून हळू न्यायला कमी ताणणारा पॉलिस्टरचा पट्टा बरा. साखळी अजिबात ताणली जात नाही, त्यामुळे सगळा झटका हुकावर आणि चासीवर जातो. झटका द्यायचा असेल तर साखळीला हात लावू नका. पट्ट्यावर तुटण्याची क्षमता छापलेली असते. दोनपैकी हलक्या गाडीचं भारासकट जे वजन, त्याच्या दोन ते तीन पट ती असावी. लेबल फाटलंय, कडा उसवल्यात, कुठे कापल्यासारखा दिसतोय, असा पट्टा फेकून द्या. दोन पट्टे जोडायला मध्ये लोखंडी शॅकल (बोल्टनं बंद होणारी यू आकाराची कडी) घालू नका. पट्टा तुटला की तोच शॅकल सुटून उडतो.

मुलगा. ओढ सुरू होताना दोराच्या रेषेत, दोन गाड्यांच्या मध्ये किंवा दोराच्या बाजूला जवळ कुणीही उभं राहायचं नाही. दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतर ठेवायचं, तेही आडव्या बाजूला. खुणा करणारा माणूस हवाच असेल तर तो लांबून, दोन्ही ड्रायव्हरना दिसेल असा उभा राहील. दोराच्या मधोमध जाड गोणपाट किंवा ओली घोंगडी टाकतात, म्हणजे तुटलेलं टोक खाली पडायला मदत होते. त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून घोंगडी टाकली तरी माणसं लांबच.

आणि तो झटका. वेग दुप्पट केला की दोरात येणारी ऊर्जा चौपट होते. पहिल्या झटक्यात निघाली नाही म्हणून दुसऱ्यांदा जास्त लांबून, जास्त वेगात येणं, हे तुम्हीही केलं असणार. सगळेच करतात. त्याऐवजी फावडं काढा. चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला बाहेर काढायला साधारण तिच्या वजनाइतका जोर लागतो. चाकांपुढचा चिखल उकरला, पोटाखाली अडकलेली माती काढली की तो बराच उतरतो. मग तुमची पिकअप फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सावकाश गिअरमध्ये, टाका, दोर हळूच ताठ करा आणि सावकाश ओढा. फोर लो मध्ये चाकांना जोर जास्त मिळतो आणि वेग कमी राहतो, हाफ क्लचवर जाळायची वेळ येत नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून फक्त मागच्या दोन चाकांना ताकद असताना ती जागेवरच फिरतात. तुम्हाला झटका द्यावासा वाटतो त्याचं निम्मं कारण हेच आहे. फक्त कोरड्या, पक्क्या रस्त्यावर आलात की फोर व्हील ड्राइव्ह बंद करा. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, त्यांना एकत्र बांधून ठेवते. तो पीळ ट्रान्स्फर केसच्या आणि शाफ्टच्या अंगावर येतो.

आता तुमचे आवाज. मिस्त्रीचं उत्तर मला पटलं नाही. डिझेलला आवाज असतो हे खरं. थंड इंजिनात डिझेल फवारल्यावर पेटायला जरा उशीर होतो, तेवढ्यात साठलेलं एकदम पेटतं, म्हणून सकाळी खडखड जास्त. पण ती खडखड सगळीकडून, भरीव येते. तुम्ही लिहिलंय ते टक्-टक् बारीक आणि ठरावीक लयीतलं आहे, आणि तापल्यावर थांबतं. यातून मला दोन जागा सुचतात. पहिली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांची) गॅस्केट किंवा ती आवळणारा तुटलेला स्टड. थंड असताना फटीतून गॅस सुटतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसेल. दुसरी, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर. तिथून गॅस सुटत असेल तर आवाज ‘चफ चफ’ कडे झुकतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा चिकट थर जमतो. तो तसाच राहिला तर दगडासारखा होतो आणि इंजेक्टर काढायला फार त्रास देतो, म्हणून हे लवकर बघा. सकाळी पहिला स्टार्ट मारायच्या आधी बॉनेट उघडून टॉर्चनं दोन्ही जागा बघा, मग कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगून कान द्या. हात आणि सैल कपडे पंख्यापासून लांब ठेवा.

तिसरी शक्यता टॅपेटची, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची. ऑइल कमी असेल किंवा पातळ झालं असेल तर तिथेही टकटक येते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढं आजच करा. या आवाजांसाठी गाडी जागेवर थांबवावी लागत नाही. थांबायला लावणारा आवाज वेगळा असतो. खोल, जड ठोका, जोर लावला की वाढणारा, सोडला की बदलणारा. तो इंजिनाच्या आतल्या रॉड बेअरिंगचा असू शकतो. तो आला किंवा ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर जिथे असाल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही.

चढावरचा घोंघाट बहुधा चांगला आहे. तुमच्यासारख्या पिकअपमध्ये रेडिएटरचा पंखा बऱ्याचदा इंजिनावरच फिरतो आणि मध्ये फॅन क्लच असतो, तो गिअरच्या क्लचपेक्षा वेगळा. आतल्या तेलामुळे तो गरजेपुरता पकडतो. हवा गार असेल तर पंखा निवांत फिरतो, रेडिएटरमागून गरम हवा आली की क्लच पकडतो आणि पंखा गर्जायला लागतो. मागे गाडी, वर चढ, वेग कमी, म्हणजे तो पकडणारच. सपाट रस्ता लागल्यावर थोड्या वेळात आवाज ओसरत असेल तर क्लच ठणठणीत आहे. काळजीच्या दोन गोष्टी: घोंघाट दिवसभर, थंड गाडीतही चालू राहतो, म्हणजे क्लच जाम झालाय. किंवा घोंघाट होतच नाही आणि टेंपरेचरचा काटा चढतो, म्हणजे क्लच मेलाय. दुसरं जास्त वाईट. मात्र घोंघाटाऐवजी बारीक शिट्टी येत असेल, गाडीचा जोर कमी झाला असेल आणि मागे काळा धूर असेल, तर टर्बोच्या होज पाइपला चीर आहे का ते तपासून घ्या.

‘ठक्’ मात्र तुमच्या बायकोचं म्हणणं खरं करणारा आवाज आहे. गिअर पडल्यावर मागून खालून येणारा ठोका म्हणजे बहुतेक प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) यूजे क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला फुलीच्या आकाराचा भाग. दोर ताठ होताना आणि झटका बसताना सगळा मार क्लच, शाफ्ट आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा मागचा गोल डबा) खातात, आणि त्यात हा क्रॉस बारीक सुयांसारख्या बेअरिंगवर फिरतो. सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली जायचं नाही. शाफ्ट हातात धरून दोन्ही बाजूंना पिळा. थोडी हालचाल डिफरन्शियलमुळे होतेच, म्हणून क्रॉसच्या जोडाकडेच बघा. तिथे खेळ दिसला किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला गंजाची तांबडी भुकटी दिसली, तर क्रॉस गेलाय. सुरुवातीलाच बदलला तर काम लहान असतं. चालत्या गाडीत शाफ्ट सुटला तर मात्र तो खालून काय काय फोडेल सांगता येत नाही. हा क्रॉस बघून होईपर्यंत एकही गाडी ओढू नका. कुणाचाही फोन आला तरी.

गाड्या ओढल्यानं इंजिन खराब होतं का, असं विचाराल तर ओढण्यानं तितकं होत नाही, जितकं जुन्या ऑइलवर आणि कमी कूलंटवर ओढण्यानं होतं. गाडीच्या पुस्तकात कडक वापराचं वेगळं वेळापत्रक असतं आणि टोइंग त्यात मोडतं. तुमची गाडी त्या वेळापत्रकावर आहे असं समजून ऑइल लवकर बदला, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल एकदा काढून बघा. त्यात चमकणारी धातूची कीस दिसली तर मिस्त्रीला ती दाखवा. मग तो ‘डिझेल आहे’ म्हणणार नाही.

मेहुण्याच्या गाडीकडे येतो, कारण तिथे नातं अडकलंय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, आणि ज्या चाकांना ताकद मिळते ती रस्त्यावर फिरतायत, म्हणजे आतले भाग ऑइलशिवाय घासत जातात. म्हणून अशा गाडीची ताकद मिळणारी चाकं उचलून न्यावी लागतात, आणि चारही चाकांना ताकद असेल तर पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर. इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच: चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, म्हणून बहुतेक कंपन्या ती दोरानं ओढायला मनाई करतात. म्हणजे तुमच्या ओढण्यानं गिअरबॉक्स बिघडला असेल, हे शक्य आहे. पण चिखलात त्यानं किती वेळ रेस करून चाकं जागेवर फिरवली हेही विचारा, त्यानं गिअरबॉक्सचं ऑइल प्रचंड तापतं. दोन्ही मिळूनही झालेलं असेल. त्याला सांगा, गाडी आता चालवू नकोस, गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याकडे ऑइल तपासून घे. आणि तुम्ही खर्चातला काही भाग उचला, असं मला वाटतं. चूक तुमची एकट्याची नव्हती, मदतीला तुम्ही गेलात, त्याची गाडी ऑटोमॅटिक आहे हे तोही जाणत होता. पण बहिणीच्या किंवा बायकोच्या घरात हा वाद वर्षभर चघळला जाण्यापेक्षा, ‘आपल्या दोघांना माहीत नव्हतं, निम्मं मी देतो’ असं तुम्ही आधी म्हणालात तर विषय तिथेच मिटेल.

आता ओढणं बंद करायचं का? रस्त्यावरून गॅरेजपर्यंत ओढत नेणं बंद करा, असं स्पष्ट सांगतो. दोरावरची बंद गाडी म्हणजे असा ट्रेलर, ज्याचे ब्रेक मागे बसलेल्या माणसाच्या पायावर अवलंबून आहेत. इंजिन बंद असलं की ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांतच रिकामा होतो, मग पेडल दगडासारखं. स्टेअरिंग जड. आणि किल्ली काढली तर ते लॉकच होतं. घाबरलेल्या, आधीच वैतागलेल्या माणसाला तुम्ही त्या जागी बसवता. टोचन करून न्यायचंच असेल, तर फक्त वाहतुकीच्या मधून सुरक्षित कडेपर्यंत, माणूस चालतो त्याच्या थोड्याच वर वेगात, दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू, मागच्या गाडीत किल्ली ‘ऑन’ वर आणि गिअर न्यूट्रलला. मागच्यानं ब्रेक हलका लावत दोर ताठ ठेवायचा. ढिला पडून परत ताठ झाला की पुन्हा तोच झटका. निघण्याआधी हॉर्नची एक खूण ठरवा: थांब. बाकी खुणा लागत नाहीत.

चिखलातून, खड्ड्यातून काढणं चालू ठेवा. तुमच्याकडे त्यासाठी योग्य गाडी आहे, आणि अडकलेल्या माणसाला त्या क्षणी ज्याची गरज असते ते तुम्ही देऊ शकता. फक्त वर लिहिलेलं सामान असल्याशिवाय जाऊ नका. आणि बरेचदा ओढायची गरजच नसते. बॅटरी उतरलेली असते, चाक बसलेलं असतं. गाडीत हवा भरायचा पंप, फावडं, हातमोजे आणि चांगल्या जाडीच्या जंप केबल ठेवा. केबल लावताना आधी तांबडी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ते टोक बॅटरीवर लावायचं नाही. काढताना उलट्या क्रमानं.

नाही म्हणायचं कसं, हे तुम्ही विचारलंत, पण तुम्हाला नाही म्हणायचं नाहीये, हे पत्रावरून कळतं. मग फोनवर ‘येतो’ म्हणायच्या आधी चार गोष्टी विचारा. गाडी कुठली आणि गिअर कुठला? चारही चाकं फिरतायत का? रुतलीय की बंद पडलीय? वाहतुकीच्या रस्त्यावर आहे का? रुतलेली असेल तर जा. बंद पडलेली ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक असेल तर म्हणा, ‘माझ्या दोरानं तुझा गिअरबॉक्स किंवा मोटर जाईल, फ्लॅटबेड बोलाव, ती येईपर्यंत मी सोबतीला येतो.’ हे खरं कारण आहे, आणि मेहुण्याचं उदाहरण आता सगळ्यांना माहीत झालंच असेल. वाहतुकीच्या रस्त्यावर असेल तर आधी माणसांना गाडीतून बाहेर, रस्त्यापासून लांब उभं राहायला सांगा, मग बाकीचं बोला.

एक राहिलं. तुमच्या विम्याची पॉलिसी काढा आणि दुसऱ्याची गाडी ओढताना झालेल्या नुकसानीबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. समजलं नाही तर कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. कुणी डिझेलचे म्हणून पैसे हातावर ठेवत असेल, तर ते उत्तर येईपर्यंत घेऊ नका. खाजगी गाडीनं पैसे घेऊन ओढणं म्हणजे धंदा, असं धरून दावा नाकारला जाऊ शकतो.